प्रकाशाची चिप वीज वाचवेल; पण कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे इंटरनेट दोन दिवस बंद होते. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने गच्चीवर जाऊन पाहिले, उंदराने कुरतडलेला भाग कापून टाकला, केसासारखी दोन टोके एका छोट्या यंत्रात ठेवून वितळवून जोडली आणि खाली येऊन म्हणाला, ‘‘काका, लाइट येत नव्हता.’’ मी नकळत वर पंख्याकडे पाहिले. पंखा तर फिरत होता. त्याला म्हणायचे होते ते वेगळेच. काचेच्या तारेतून घरापर्यंत येणारा लेसरचा प्रकाश येत नव्हता.

मराठीत ‘लाइट’ म्हणजे वीजही आणि उजेडही. हा घोळ आपल्याला सवयीचा आहे. पण आज जगातल्या सर्वांत महागड्या संगणकगृहांत याच दोन ‘लाइटां’चा हिशेब मांडला जातो आहे, आणि त्यातून संगणकाच्या चिपची रचनाच बदलू लागली आहे. इंग्रजीत तिला सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणतात. आपण प्रकाशाची चिप म्हणू. तिच्याबद्दल सध्या जे उत्साहाने सांगितले जाते त्यातले बरेच खरे आहे. मात्र ‘यामुळे डेटा सेंटरची विजेची भूक भागेल’ हे जे शेवटी जोडले जाते, ते मला पटत नाही. का, ते सांगतो.

आधी तो पांढरा डबा. बाहेरून येणारा अदृश्य अवरक्त प्रकाश घेऊन त्याचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणे, हे त्याचे मुख्य काम. कारण आपला मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही या सगळ्यांच्या आतल्या चिपांना प्रकाश कळत नाही, वीज कळते. लांबचा प्रवास प्रकाशाने आणि शेवटचा टप्पा विजेने, अशी ही विभागणी गेली चाळीसेक वर्षे चालत आली आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलींतही प्रकाशच असतो. चार्ल्स काव यांनी १९६६मध्ये मांडले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश दूरवर नेता येईल. त्यासाठी त्यांना २००९चे नोबेल मिळाले. आजची उत्तम फायबर इतकी स्वच्छ असते की पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

तांब्याची गोष्ट याच्या उलट. वीज वाहून नेण्यात तांब्याला तोड नाही, पण सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होणारा सिग्नल त्यातून पाठवू लागलो की तो पाहता पाहता विरतो. वेग जितका जास्त तितका पल्ला कमी. आज डेटा सेंटरमध्ये एकेका जोडतारेतून सेकंदाला २०० गिगाबिट जाऊ लागले आहेत, आणि त्या वेगाला साधी तांब्याची केबल मीटर-दोन मीटरपलीकडे उपयोगाची राहत नाही. म्हणजे एका कपाटापुरती. शेजारच्या कपाटाशी बोलायचे तर प्रकाश हवा.

मग काय करतात? नेटवर्कच्या प्रत्येक स्विचच्या तोंडावर, बोटाएवढ्या धातूच्या डब्या खोचतात. त्यांना ट्रान्सीव्हर म्हणतात. आमच्या भिंतीवरच्या डब्याचीच ही धाकटी, पण कितीतरी पटींनी वेगवान भावंडे. एका बाजूने वीज, दुसऱ्या बाजूने प्रकाश. एआयचे मॉडेल घडवताना हजारो प्रोसेसर एकाच गणितावर एकत्र काम करतात आणि सतत एकमेकांना उत्तरे पाठवत राहतात. त्यामुळे या डब्यांची संख्या अफाट वाढली. मार्च २०२५मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सॅन होजेच्या परिषदेत मंचावरच हिशेब मांडला: सेकंदाला १.६ टेराबिटची एक डबी ३० वॉट खाते, एका प्रोसेसरमागे अशा सहा लागतात, म्हणजे १८० वॉट. दहा लाख प्रोसेसरचे केंद्र उभारायचे तर नुसत्या डब्यांनाच १८० मेगावॉट.

आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर कोयना जलविद्युत प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे त्याचा जवळजवळ अकरावा हिस्सा. गणित करायला नव्हे, प्रकाश दाखवायलाही नव्हे, फक्त विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करत बसायला.

यातली मोठी उधळपट्टी कुठे होते ते पाहण्यासारखे आहे. स्विचच्या मधोमध मुख्य चिप असते. तिथून समोरच्या पट्टीवरच्या डबीपर्यंतचे अंतर जेमतेम वीतभर, पण ते तांब्याच्या पट्टीने कापायचे असते. त्या वीतभरात सिग्नल इतका मळतो की डबीत पोहोचल्यावर त्याला धुऊन-पुसून ओळखण्यासाठी आणखी एक चिप बसवावी लागते, आणि डबीच्या विजेतला मोठा वाटा तीच घेते. समुद्रापलीकडचा प्रवास सुखाचा आणि दारातून माजघरात येताना दमछाक, असा हा प्रकार.

उपाय ऐकायला सोपा आहे. प्रकाश माजघरापर्यंतच आणायचा. डब्या काढून टाकायच्या आणि विजेचा प्रकाश करण्याचे काम मुख्य चिपच्या अगदी शेजारी, त्याच पाटावर, काही मिलिमीटरवर करायचे. मात्र त्यासाठी प्रकाश हाताळणारे सगळे भाग सिलिकॉनवरच छापता आले पाहिजेत. तेच काम गेली जवळजवळ चार दशके चालू आहे.

सिलिकॉन आपल्या डोळ्यांना अपारदर्शक, काळपट दिसते. पण फायबरमध्ये वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाला ते काचेसारखे आरपार आहे. त्यामुळे चिपवर सिलिकॉनची अर्ध्या मायक्रॉनएवढी रुंद पट्टी कोरली (आपला केस तिच्या शंभरपटीहून जाड असतो) की प्रकाश त्या पट्टीतून पाटाच्या पाण्यासारखा वळणे घेत जातो. अमेरिकेतले रिचर्ड सोरेफ यांनी १९८०च्या दशकात दाखवले की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन कमी-जास्त केले की त्याचा अपवर्तनांक किंचित बदलतो. किंचितच, पण तेवढे पुरते. प्रकाशाचा प्रवाह दोन वाटांत फोडायचा, एका वाटेवर विजेने त्याला अर्ध्या लहरीने रेंगाळवायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. दोन्ही लहरी जुळल्या तर उजेड, उलट पडल्या तर अंधार. एक आणि शून्य. प्रकाशाच्या तोंडावर झडप बसवल्यासारखे. इंटेलच्या संशोधकांनी २००४मध्ये ही झडप सेकंदाला अब्जाहून अधिक वेळा उघडझाप करू शकते हे दाखवले आणि मग हा विषय प्रयोगशाळेतून कारखान्याकडे सरकला.

एक गोष्ट मात्र सिलिकॉनला जमत नाही. ते स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या अणुरचनेमुळे विजेची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. म्हणून लेसर इंडियम फॉस्फाइड या वेगळ्याच पदार्थाचा करावा लागतो. इंटेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेतील जॉन बॉवर्स यांच्या गटाने २००६मध्ये इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनवर चिकटवून लेसर करून दाखवला, तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. तरीही आजच्या बहुतेक रचनांत लेसर चिपच्या बाहेरच ठेवतात आणि त्याचा प्रकाश फायबरने आत आणतात. कारण साधे आहे. या सगळ्या साखळीत लवकर दगा देणारा भाग लेसरच, आणि उष्णता त्याला अजिबात मानवत नाही. तो बाहेर असला की बदलता येतो.

आणखी एक गंमत. एन्व्हिडियाने झडपेसाठी काही मायक्रॉनचे छोटे वर्तुळ निवडले आहे. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाशच त्या वर्तुळात घुमतो. जागा फार कमी, वीज फार कमी. पण सिलिकॉनचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो आणि वर्तुळाचा सूर सरकतो. पाच-दहा अंशांत ते आपल्या ठरलेल्या रंगाला ओळखेनासे होते. म्हणून प्रत्येक वर्तुळाशेजारी चिमुकला हीटर बसवून त्याला सतत सुरात ठेवावे लागते. उष्णता वाचवण्यासाठी केलेल्या चिपमध्ये हीटर! वीज शेवटी वाचतेच, पण जाहिरातीत दाखवतात तेवढ्या सहजपणे नाही.

आता हे केवळ नमुने राहिलेले नाहीत. ब्रॉडकॉमने २०२४मध्ये सेकंदाला ५१.२ टेराबिटचा असा स्विच ग्राहकांना देऊ केला. वर उल्लेख केलेल्या २०२५च्या परिषदेत एन्व्हिडियाने आपले स्विच जाहीर केले. प्रकाशाचा भाग तैवानच्या टीएसएमसीच्या मदतीने तयार होतो, आणि डब्यांच्या तुलनेत विजेची बचत साडेतीन पट असल्याचा कंपनीचा दावा आहे. याउलट ज्या इंटेलने या क्षेत्रात इतकी वर्षे घालवली, त्या कंपनीने डब्यांचा आपला व्यवसाय २०२३मध्ये जेबिल या दुसऱ्या कंपनीकडे सोपवला. तंत्रज्ञानात आधी पोहोचणारा शेवटपर्यंत टिकतोच असे नाही.

ह्वांग यांच्याच आणखी एका वाक्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याआधी वर्षभर, २०२४मध्ये, ७२ प्रोसेसरचे कपाट सादर करताना त्यांनी अभिमानाने सांगितले होते की आत सुमारे पाच हजार तांब्याच्या केबली आहेत, सगळ्या मिळून तीन किलोमीटरहून लांब, आणि तांबे वापरल्यामुळे कपाटामागे २० किलोवॉट वाचले. म्हणजे एका वर्षी तांब्याने वीज वाचते, पुढच्या वर्षी प्रकाशाने. यात लबाडी नाही. कपाटाच्या आत, मीटरभरात, तांबे आजही स्वस्त आणि भरवशाचे आहे. कपाटाबाहेर प्रकाश. भांडण आहे ते सीमारेषा कुठे आखायची याचे, आणि वेग वाढेल तशी ती रेषा चिपच्या दिशेने सरकत राहणार. ‘तांब्याचा जमाना संपला’ असे मथळे वाचले की म्हणूनच थोडे सबुरीने घ्यावे.

डेटा सेंटर चालवणारे इंजिनिअर या नव्या चिपकडे जरा साशंकतेने पाहतात, आणि मला त्यांची शंका रास्त वाटते. आज डबी बिघडली तर पहाटे तीन वाजता ड्युटीवरचा मुलगा ती उपसून दुसरी खोचतो, काम दोन मिनिटांचे. डब्यांचा आकार ठरलेला आहे, त्यामुळे त्या एकाकडून महाग मिळाल्या तर दुसऱ्याकडून घेता येतात. प्रकाशाचा भाग मुख्य चिपशेजारी कायमचा बसवला की ही दोन्ही स्वातंत्र्ये गेली. बिघाड आत झाला तर अख्खा स्विच उतरवा, आणि सुटा भाग हवा तर त्याच एका कंपनीच्या दारात जा. मोबाइलची बॅटरी काढता येईनाशी झाली तेव्हा आपण हे अनुभवले आहे. मोठ्या कंपन्यांना ते परवडेल. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा सरकारी संगणक केंद्राला परवडेल का, हा वेगळा प्रश्न.

आता विजेचा मुद्दा. कंपनीचेच आकडे धरून हिशेब करू. एका प्रोसेसरमागे डब्यांचे १८० वॉट आहेत. साडेतीन पट बचत खरी मानली तर ते पन्नासच्या आसपास येतील. वाचले १३० वॉट. पण तो प्रोसेसर स्वतः हजार वॉटहून अधिक खातो, आणि त्याला थंड ठेवायला आणखी लागते ते वेगळेच. म्हणजे एकूण बचत फार तर शेकडा दहा. वाईट नाही. पण ‘भूक भागली’ म्हणावे असेही नाही. शिवाय दहा लाख प्रोसेसरच्या केंद्रात वाचलेले १३० मेगावॉट कोणी वीज मंडळाला परत करणार नाही. त्या विजेवर आणखी लाखभर प्रोसेसर बसतील. कंपन्या हे लपवतही नाहीत. वाचलेल्या विजेत जास्त गणन, हीच त्यांची विक्रीची भाषा आहे.

हे नवीन नाही. विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच लिहिले होते: वाफेचे इंजिन जसे काटकसरी झाले तसा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, कारण इंजिन वापरणे अधिक ठिकाणी परवडू लागले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरनी २०२४मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३०पर्यंत ती दुपटीहून वाढून ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असा तिचा अंदाज आहे. प्रकाशाच्या चिपा याच वर्षांत बाजारात येणार आहेत. तरीही आलेख वरच जातो.

हे आपल्यापासून दूरचे नाही. देशातली सर्वाधिक डेटा सेंटर मुंबई परिसरात आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापेकडे जाताना खिडक्या नसलेल्या त्या ठोकळेबाज इमारती दिसतात. त्यांच्यामागे डिझेल जनरेटरच्या रांगा असतात, आणि उन्हाळ्यात थंडाव्यासाठी काहींना पाणीही लागते. राज्य त्यांना उद्योग म्हणून सवलती देते. द्यायला हरकत नाही. पण उद्या एखादा प्रकल्प ‘आमचे नेटवर्क प्रकाशाच्या चिपांचे, म्हणून आम्ही हरित’ असे म्हणत आला, तर त्याच्याकडून एकूण युनिट किती, पाणी किती, जनरेटर वर्षाला किती तास, हे आकडे दरवर्षी जाहीरपणे मागितले पाहिजेत. दर बिटमागची वीज हा आकडा इंजिनिअरसाठी ठीक आहे. रबाळ्यात राहणाऱ्याला एकूण वीज आणि एकूण धूर यांच्याशी काम.

या चिपबद्दल मला खरी आस्था वाटते ती दुसऱ्याच कारणाने. संगणकाच्या आधुनिक चिपांमध्ये तीन नॅनोमीटर, दोन नॅनोमीटर अशी शर्यत चालू आहे आणि तिच्यात उतरायला लागणारी यंत्रे व भांडवल आपल्या आवाक्याबाहेर आहे. प्रकाशाच्या चिपला त्या शर्यतीची गरजच नाही. प्रकाशाची लहरच हजार-पंधराशे नॅनोमीटरची, तिची वाट त्याहून फार बारीक करून चालत नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या पिढीची यंत्रसामग्रीही इथे कामाची ठरते. अवघड भाग वेगळा आहे: चिपच्या कडेला फायबर मायक्रॉनहून कमी चुकीने चिकटवणे, प्रत्येक चिप प्रकाशाने तपासणे, ती नीट बंदिस्त करणे. खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो. हे काम संयमाचे, कौशल्याचे आणि माणसे घडवण्याचे आहे.

पायाही अगदीच शून्य नाही. आयआयटी मद्रासमध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या मदतीने फोटॉनिक सर्किटांचे केंद्र चालते, बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनो प्रयोगशाळा आहे. सेमीकंडक्टरसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत तर सिलिकॉन फोटॉनिक्सचा नावानिशी उल्लेख आहे आणि भांडवली खर्चाच्या निम्मी मदत देऊ केलेली आहे. बातम्या मात्र साणंद आणि धोलेऱ्याच्या होतात. मोठ्या कारखान्याच्या भूमिपूजनाचा फोटो चांगला येतो, फायबर चिकटवणाऱ्या प्रयोगशाळेचा येत नाही.

बेल्जियममधील ल्युवेनच्या आयमेकसारख्या संस्था बरीच वर्षे एक सोपी सोय देत आल्या आहेत. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर दहा-वीस विद्यापीठांच्या आणि छोट्या कंपन्यांच्या रचना एकत्र छापायच्या, खर्च वाटून घ्यायचा. शेअर रिक्षाच म्हणा ना. ज्याला स्वतःची गाडी परवडत नाही तोही मुक्कामाला पोहोचतो. अशी ठरलेल्या तारखांना निघणारी, पुण्या-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यालाही परवडेल अशी एक सोय देशात हवी, आणि तिच्या जोडीला चिप बंदिस्त करून तपासून देणारे एक सार्वजनिक केंद्र. अत्याधुनिक फॅबच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान आहे.

कच्च्या मालाचा विचारही त्याच वेळी करावा लागेल. चिपवर प्रकाश टिपणारा भाग जर्मेनियमचा असतो, लेसर इंडियम फॉस्फाइडचा. चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर ऑगस्ट २०२३पासून आणि इंडियमच्या काही संयुगांवर फेब्रुवारी २०२५पासून परवान्याचे बंधन घातले आहे. हे दोन्ही धातू मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात उप-उत्पादन म्हणून मिळतात, आणि जस्त आपल्याकडे राजस्थानात मोठ्या प्रमाणावर निघते. त्याच्या उरलेल्या गाळातून हे धातू किती काढता येतील, याचा शोध घेण्याचे काम फोटॉनिक्सच्या योजनेतच धरले, तर खाण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय यांना एकदा तरी एका टेबलाशी बसावे लागेल.